वीस बाइटांचा ढोल

सातपाटीत हळदीला बेंजो पार्टी वाजायला लागली की माझी नजर नाचणाऱ्यांवर कमी आणि कीबोर्डवाल्याच्या वायरींवर जास्त असते. मागची ती पाच पिनांची गोल वायर मिडीची, वाद्यांनी एकमेकांशी बोलायची १९८३ सालची बोली. ती नुसते नंबर बोलते: ७ नंबर, किंमत ९०. सात म्हणजे आवाज, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक हवं. किंमतही ० ते १२७, बस्स.

१९९७ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी ओपन साउंड कंट्रोल मांडलं आणि नंबराचा पत्ता झाला. ‘/ढोल/आवाज’. म्हणजे ढोलाच्या घरी जा, आवाजाचं दार ठोठाव. नावं आपण ठेवायची. (मूळ नियमात पत्ता रोमन अक्षरांत लागतो, एवढं मात्र खटकतं.) ‘/dhol/avaj’ या रोमन पत्त्याची चिन्हं दहा. संदेशातला प्रत्येक भाग चाराच्या पटीत बसवावा लागतो, म्हणून उरलेल्या जागेत शून्यं भरतात, पेटीत पापलेटांच्या फटीत बर्फ भरतात तशी. पत्त्याचे १२ बाइट, ‘पुढे दशांश आकडा आहे’ हे सांगायला ४, आकड्याचे ४. वीस बाइटांत ढोल रवाना! अन् त्या आकड्याला अर्ध्यापासून एकपर्यंतच ८३ लाखांवर पायऱ्या.

मी हे मिलर पकेट यांच्या प्युअर डेटा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये करून पाहिलं. ‘नेटरिसीव्ह’ आणि ‘ऑस्कपार्स’ या दोन चौकटी जोडल्या की लॅपटॉपला वायफायवरून आलेले संदेश ऐकू येतात. पण त्यातलं आवाज घडवणारं यंत्र कुणासाठी थांबत नाही. थांबलं तर स्पीकर तडतडतो. ते एका दमात आवाजाचे ६४ नमुने मोजतं, सेकंदाला ४४,१००. आलेला संदेश तोवर दारात उभा. आपल्या खाडीत शिरायला बोटी भरतीची वाट बघतात, तसाच. फक्त इथे सेकंदाला ६८९ भरत्या येतात.

लॅपटॉप घरात ठेवून मी संदेश धाडणारा फोन घेऊन ओटीवर बसलो. बोट सरकवलं, आत ढोल चढला, उतरला. मग हौसेने फोनवर बोट फिरवतच बंदराच्या दिशेने चालू लागलो. हे संदेश बहुधा पोचपावतीशिवायच धाडतात. गेला तर गेला. आळीच्या टोकाला वायफाय सुटलं, मला पत्ताच नाही. घरी परतलो तर ढोल शेवटच्या ऐकलेल्या आकड्यावर अडून घुमतोय आणि आई कानावर हात ठेवून दारात उभी.