मनोरुग्णालयाच्या उंबरठ्यावर

दुपारचे तीन वाजले होते. एका शासकीय मनोरुग्णालयाच्या दाखल कक्षासमोर जीप येऊन थांबली. प्रथम दोन भाऊ उतरले, मागोमाग त्यांची आई आणि अखेरीस पंचविशीतला एक तरुण. त्याने आवाराकडे नजर टाकली, फाटकावरची पाटी वाचली आणि तो जागीच थबकला. घरून निघताना त्याला ‘मामाकडे जाऊन येऊ’ असे सांगण्यात आले होते.

दाखल कक्षातील परिचारिका बाहेर आल्या. त्या त्याच्या अगदी समोर न येता दोन पावले अंतर राखून किंचित बाजूला उभ्या राहिल्या. जीपकडे परत जाण्याची वाट त्यांनी अडवली नाही. शांत स्वरात त्या म्हणाल्या, “दादा, हे मनोरुग्णालय आहे. मी इथली सिस्टर. तुम्हाला काय सांगून आणलं ते मला ठाऊक नाही, पण मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. सकाळपासून काही खाल्लंय का?”

तरुण काही क्षण गप्प राहिला आणि मग म्हणाला, “नाही.” त्या एका शब्दापासून त्याच्या उपचारांना आरंभ झाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

या लेखातील रुग्णांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत आणि परिचारिकाताईंचे नावही त्यांच्याच इच्छेवरून दिलेले नाही. परंतु त्या जे काम करतात ते आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांची नावे आपण बहुधा थट्टेत किंवा कुजबुजत घेतो. तेथील पहिल्या खोलीत प्रत्यक्षात काय घडते, हे मात्र आपल्याला सहसा ठाऊक नसते.

मन पाहण्यापूर्वी शरीर

सर्वसाधारण समजूत अशी की, मनोरुग्णालयात प्रथम मनाची चौकशी होते. वस्तुतः परिचारिकेचा हात आधी नाडीवर जातो. ताप, रक्तदाब, श्वासाची गती, वजन आणि बोटाच्या थेंबभर रक्तातून साखर, या नोंदी ती प्रथम करते. त्याला सबळ कारण आहे. रक्तातील साखर एकाएकी उतरली तर माणूस असंबद्ध बोलू लागतो, अंगावर धावूनही येतो. डोक्याला मार लागला असेल, मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग पोहोचला असेल किंवा रक्तातील सोडियम घटले असेल, तरीही वागणे बदलते. नेहमी दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली तर साधारण दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात आणि वेळीच उपचार न झाल्यास प्राणावरही बेतू शकते. म्हणूनच ‘दारू पितात का?’ यापेक्षा ‘शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

ताईंनी सांगितलेला एक प्रसंग मनात घर करून राहिला. सत्तरी उलटलेल्या एका निवृत्त गृहस्थांना त्यांची मुले घेऊन आली. “बाबांना तीन दिवसांपासून वेड लागलंय. रात्री खोलीत लहान मुलं दिसतात म्हणतात. आम्हाला झेपत नाही, ठेवून घ्या,” अशी त्यांची विनवणी होती. ताईंनी आजोबांचा हात हाती घेतला तो गरम लागला. जीभ कोरडी पडलेली होती. बोलता बोलता त्यांचे लक्ष तुटत होते, मध्येच डोळा लागत होता. सकाळी ते बरेच सावध असतात आणि रात्री बिघडतात, असेही सुनेने सांगितले. ताईंनी या नोंदी तत्काळ डॉक्टरांपुढे ठेवल्या आणि आजोबांना मनोरुग्णालयात दाखल न करता सर्वसाधारण रुग्णालयात पाठवण्यात आले. तेथे लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग आढळला. उपचारानंतर आजोबा पूर्ववत झाले.

“त्या दिवशी मी फक्त हात लावून पाहिला,” ताई म्हणाल्या. वृद्ध माणूस दोन-चार दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर ते बहुधा शरीराच्या आजाराचे लक्षण असते आणि त्याला प्रथम सर्वसाधारण रुग्णालयात नेले पाहिजे. एवढे जरी वाचकांनी ध्यानात ठेवले, तरी कुणाच्या तरी घरातील आजी-आजोबांचे प्राण वाचतील.

गाठोडे आणि त्यातील वस्तू

यानंतरचे काम नाजूक असते. रुग्णाजवळच्या वस्तू तपासून त्यांची यादी करावी लागते. कंबरेचा पट्टा, बुटांच्या नाड्या, ओढणी, वस्तरा, काचेची बाटली, खिशातील सुट्या गोळ्या यांपैकी काहीही वॉर्डात जीवघेणे ठरू शकते. स्त्री रुग्णाची तपासणी स्त्री कर्मचारीच करते आणि ती आडोशाला, दुसरी कर्मचारी साक्षीला ठेवूनच होते. अंगावर व्रण, मार किंवा दोरखंडाच्या खुणा आढळल्या तर शरीराच्या आकृतीवर त्यांची जागा दाखवून नोंद केली जाते. घरी बांधून ठेवलेल्या माणसाच्या मनगटावरील खुणा ही त्याची एकट्याची गोष्ट राहत नाही. ती कागदावर येते आणि तिची दखल घ्यावी लागते.

मंगळसूत्राचा प्रश्न वारंवार उभा राहतो. सोने वॉर्डात ठेवणे धोक्याचे, पण काही स्त्रियांना ते उतरवणे म्हणजे संसारच काढून घेतल्यासारखे वाटते. अशा वेळी ताई घाई करत नाहीत. तिच्यासमोरच वजन व वर्णन लिहितात, नातेवाइकांची सही घेतात आणि तिलाही ती नोंद वाचून दाखवतात. “वस्तू काढून घेणं वेगळं आणि तिच्या डोळ्यांदेखत जपून ठेवणं वेगळं,” हे त्यांचे म्हणणे.

आहाराची नोंदही याच वेळी होते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम, कंदमुळे वर्ज्य असणे, ठरावीक तिथीचा उपवास या गोष्टी घरच्यांनी आवर्जून सांगाव्यात. नाही तर रात्रीचे ताट नाकारणारा रुग्ण ‘अन्नात विष आहे’ या संशयाने जेवत नाही की आपला नियम पाळतो आहे, हे वॉर्डातील कर्मचाऱ्याला कसे कळावे? याउलट, नैराश्याने अन्नावरची वासनाच उडालेला माणूस उपवासाचे निमित्त पुढे करीत असेल, तर तेही घरच्यांनाच ओळखता येते. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ‘लिथियम’ हे औषध चालू असलेल्या रुग्णाने पाणी वर्ज्य करून उपवास केला तर शरीरातील पाणी घटून औषधाचे रक्तातील प्रमाण घातक पातळीला जाऊ शकते. हातांना जोराचा कंप, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणे ही त्याची चिन्हे आहेत. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

विचारायलाच हवा असा प्रश्न

“जीव देण्याचा विचार मनात येतो का?” हा प्रश्न ताई प्रत्येकाला सरळ शब्दांत विचारतात. पुष्कळ नातेवाईक दचकतात. “सिस्टर, असं विचारून तुम्हीच त्याच्या डोक्यात घालताय,” असेही म्हणतात. परंतु विचारल्याने तो विचार उत्पन्न होत नाही. उलट, अनेकांना प्रथमच कुणीतरी आपले ओझे ओळखल्यासारखे वाटते. उत्तर ‘होय’ असेल तर पुढचे प्रश्न येतात. कधीपासून? कसे करायचे ठरवले आहे? त्यासाठी काही जमवून ठेवले आहे का? पूर्वी कधी प्रयत्न झाला होता का? या उत्तरांवरून रुग्णाला कोणत्या खाटेवर ठेवायचे आणि त्याच्याजवळ सतत कुणी बसायचे की नाही, हे ठरते.

पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने पूर्वीचा प्रयत्न लपवणारी कुटुंबे आजही भेटतात. मानसिक आरोग्यविषयक २०१७ च्या कायद्याने अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले असून तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. तेव्हा परिचारिकेपासून हे लपवण्यात कुणाचेच हित नाही.

भासांच्या बाबतीत ताईंची रीत निराळी आहे. शेजारी यंत्र लावून आपले विचार चोरतात, असे तो तरुण सांगू लागला तेव्हा त्या ‘असं काही नसतं’ म्हणाल्या नाहीत आणि ‘हो, खरं आहे’ असेही म्हणाल्या नाहीत. “मला ते यंत्र ऐकू येत नाही. पण तुम्हाला फार भीती वाटत असणार, झोपही लागत नसणार,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यावर त्याने मान डोलावली. अकरा रात्री तो झोपला नव्हता.

कायद्याचा हात

१९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘वेड’ या अर्थाचा शब्द होता. १९८७ च्या कायद्याने तो पुसून ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द आणला. २०१७ मध्ये संमत होऊन २०१८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने रुग्णाला हक्क दिले. स्वतःचा निर्णय समजू शकणारा प्रौढ स्वतःच्या अर्जाने दाखल होऊ शकतो व स्वतःच्या इच्छेने घरी जाऊ शकतो. काही विशिष्ट धोका जाणवला तरच त्याला तपासणीसाठी चोवीस तासांपर्यंत थांबवता येते. ज्याला त्या वेळी आधाराची फार गरज आहे, त्याच्यासाठी त्याचा प्रतिनिधी अर्ज करतो. मात्र त्यासाठी दोन तज्ज्ञांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते आणि हा दाखला प्रथम तीस दिवसांपुरताच असतो. अशा दाखल्याची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत, स्त्री किंवा अज्ञान मूल असल्यास तीन दिवसांत कळवावी लागते. सक्तीने केशवपन करण्यास, साखळदंडाने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे उपचार करण्यास या कायद्याने मनाई केली आहे.

हे सारे त्या तरुणाला समजेल अशा बोलीत ताईंनी सांगितले. “तुम्हाला हे मान्य नसेल तर मंडळाकडे दाद मागता येते. अर्ज लिहायला मदत लागली तर मागा,” असेही त्या म्हणाल्या. ज्याला आपण आत घेत आहोत त्यालाच बाहेरची वाट दाखवणे, हेही या कामाचे एक अंग आहे.

पत्ता खरा लिहा

केसपेपरवरील सर्वांत साधी ओळ म्हणजे नातेवाइकांचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. ताई तो क्रमांक तिथल्या तिथे लावून पाहतात. त्यांच्या नोकरीच्या काळात चुकीचे पत्ते देऊन गेलेले नातेवाईक त्यांनी पाहिले आहेत. बरा झालेला माणूस पिशवी भरून खाटेवर बसतो, त्याच्या घरी पाठवलेले पत्र मात्र परत येते. अशा एका स्त्रीविषयी बोलताना ताई थांबल्या. तिचा आजार केव्हाच आटोक्यात आला होता. दर सणाला ती विचारी, “सिस्टर, माझ्या भावाचा फोन लागला का?” खोटे बोलायचे नाही हा नियम त्या दिवशी सर्वांत कठीण वाटतो, असे त्या म्हणाल्या.

म्हणून दाखल करतानाच त्या कुटुंबाला भेटीचे वार सांगतात, आणि ते लिहूनही देतात. आजार कुणाच्या पापाचे फळ नाही, संगोपनातील चूकही नाही, हेही सांगतात. आईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतात.

आपल्या घरी कधी अशी वेळ आलीच, तर काही गोष्टी अवश्य कराव्यात. जुन्या चिठ्ठ्या व चालू औषधे सोबत घ्यावीत. कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते सांगावे. झोप, जेवण आणि वागणे केव्हापासून बदलले, याचे चार ओळींचे टिपण करावे. रुग्णाला कुठे नेत आहोत ते शक्य तितके खरे सांगावे. फसवून आणलेला माणूस पुढे औषधाच्या गोळीवरही विश्वास ठेवत नाही आणि ती गोळी त्याला घरी परतल्यावर आपल्याच हातून घ्यायची असते. वेळीच सल्ला हवा असल्यास शासनाच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे व तो अहोरात्र चालू असतो.

त्या दिवशी सायंकाळी तरुणाला वॉर्डात नेण्याची वेळ झाली. आई त्याच्याकडे पाहू शकत नव्हती. “तू मामाकडे म्हणाली होतीस,” तो म्हणाला. आईने पदर तोंडाशी नेला. शब्द सापडायला तिला वेळ लागला. “चुकलं माझं, बाळा. रविवारी येते. हे खरं सांगते.”

भेटीच्या वारांत रविवार होता. ताईंनी केसपेपरवर ती नोंद केली, तरुणाला ती वाचून दाखवली आणि त्याच्यासोबत वॉर्डाकडे चालू लागल्या. ताट अजून गरम होते.

पुढे महिन्याभराने ताईंशी पुन्हा बोलण्याचा योग आला. त्या रविवारी आई आली होती, हे त्यांनी न विचारताच सांगितले.