तारा कधी लावायच्या?

सातव्या-आठव्या वर्षी वरचे नवे दात येतात आणि मधल्या दोघांत फट दिसली की घरात काळजी सुरू होते. पण ही फट अनेकदा तात्पुरती असते. सुळे उतरताना, ११-१२ व्या वर्षाच्या सुमारास, ती बहुधा आपोआप मिटते.

तपासणी मात्र लवकर हवी. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स ही संघटना ७ व्या वर्षापर्यंत पहिली तपासणी करून घ्यायला सांगते. तपासणी म्हणजे लगेच तारा नव्हेत.

वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, तर मात्र थांबू नये. मूल चावताना जबडा एका बाजूला सरकवतं, वाढही तशीच वाकडी होऊ शकते. वरचा जबडा रुंद करणारं साधन लहान वयातच सहज काम करतं, कारण टाळूचा मधला सांधा तेव्हा पक्का जुळलेला नसतो.

पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार केल्यास मार लागून ते तुटण्याचा धोका कमी होतो. दातांची अंतिम ठेवण मात्र किशोरवयात एकदाच उपचार घेतलेल्यांपेक्षा सरस होत नाही. म्हणून बहुतेकांना ११ ते १४ हेच वय सोयीचं. मूल नीट ब्रश करत नसेल, तर आधी ती सवय लावावी. तारांभोवती अन्न अडकून दात लवकर किडतात.