विश्लेषण : ‘पिंक वॉक’ची नोंदणी फी कर्करोग संशोधनापर्यंत पोहोचते का?

ऑक्टोबर हा स्तनाच्या कर्करोगाविषयी जनजागृतीचा महिना. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील सोसायट्या, रुग्णालये, कंपन्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पिंक वॉक’ची निमंत्रणे फिरू लागतात. नोंदणी केली की टी-शर्ट, नाश्ता, पदक. ‘संशोधनासाठी चाला’ असे आवाहन असेल, तरी फीमधले किती रुपये संशोधनाला जाणार, हे निमंत्रणावर क्वचितच छापलेले असते.

या वॉकची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेतील डलास शहरात १९८३ मध्ये पहिली ‘रेस फॉर द क्युअर’ झाली. तेव्हा सुमारे ८०० जण धावले. भारतात मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी २०१२ मध्ये मुंबईत ‘पिंकेथॉन’ ही केवळ महिलांची धाव सुरू केली. पुढे ती पुण्यातही आली. तिचा भर महिलांचे आरोग्य आणि जागृतीवर आहे. पाश्चात्त्य देशांत सहभागी व्यक्ती आधीपासून नातेवाईक, सहकाऱ्यांकडून देणगी गोळा करते. मुंबई मॅरेथॉनमध्येही स्वयंसेवी संस्थांसाठी असा निधी उभारला जातो. छोट्या वॉकमध्ये मात्र बहुतेकदा फक्त नोंदणी फी असते आणि तिचा बराच भाग टी-शर्ट, मंडप, रुग्णवाहिका यांतच संपू शकतो.

कंपनीचा ‘सीएसआर’ निधी यात येतो का?

औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न महत्त्वाचा. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम ‘सीएसआर’ खर्चात धरता येणार नाहीत, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकात म्हटले होते. जानेवारी २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनी जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेले प्रायोजकत्व आणि फक्त कर्मचाऱ्यांच्या लाभाचे उपक्रम स्पष्टपणे वगळले. म्हणजे टी-शर्टवर कंपनीचा लोगो छापून घेण्याचा खर्च हा प्रसिद्धीचा खर्च. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या संशोधन संस्थांना दिलेला पैसा मात्र ‘सीएसआर’मध्ये बसतो.

पैसा हवा कुठे?

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. यावरचे सगळेच संशोधन महागड्या औषधांचे नसते.

मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांवर झालेला एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन टोचायचे, इतकेच. दात काढताना हिरडीत देतात त्याच जातीचे हे भूल देणारे औषध. सुमारे १,६०० महिलांचा २०११ पासून पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के महिला हयात होत्या. न घेतलेल्यांत हे प्रमाण ८६.४ टक्के होते. निष्कर्ष २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. लिडोकेन जुने, स्वस्त, पेटंट नसलेले औषध. त्यावर दहा-बारा वर्षे खर्च करून औषध कंपनीला काय मिळणार? अशा प्रयोगांना सरकारी किंवा देणगीचाच पैसा लागतो, आणि तोही वर्षानुवर्षे. एका रविवारच्या जमा रकमेवर ते चालत नाहीत.

जवळचे उदाहरण पुण्यातले. आयसर पुणे आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशन यांचे कर्करोग संशोधनाचे संयुक्त केंद्र आहे.

नोंदणीआधी काय विचारावे?

पैसा कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी जाणार? खर्च वजा जाता किती उरतो? मागच्या वर्षीचा हिशेब कुठे पाहता येईल? नोंदणी फी आणि देणगी एकच नव्हेत. प्राप्तिकराची ‘८०जी’ पावती मिळते ती देणगीची, टी-शर्टच्या किमतीची नव्हे. केवळ जनजागृतीसाठी वॉक असेल तर त्यातही गैर काही नाही, फक्त तसे लिहावे.

आणि जागृतीचेच म्हणाल, तर मुंबईतील वस्त्यांमध्ये १९९८ पासून २० वर्षे चाललेला टाटा मेमोरियलचाच आणखी एक अभ्यास आहे. सुमारे दीड लाख महिलांपैकी निम्म्यांची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशी ओलांडलेल्यांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही. या तपासणीला मॅमोग्राफी यंत्र लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका असेल तर ती कारखान्याच्या वैद्यकीय कक्षातही होऊ शकते, रविवारच्या वॉकला येऊ न शकणाऱ्या पाळीतल्या कंत्राटी कामगार महिलांचीसुद्धा.