तुतीखालची खारीची शिकार

अंगणातल्या पेरूवर धावणाऱ्या, पाठीवर पट्टे असलेल्या चिमुकल्या खारीशी ज्याचा नित्याचा परिचय आहे, आणि सह्याद्रीतील शेकरूला कायद्याचे संरक्षण आहे हेही ज्याला ठाऊक आहे, अशा मराठी वाचकाला खारीची शिकार ही कल्पना विचित्र, किंबहुना अप्रिय वाटेल. परंतु अमेरिकेतील मिसूरी, केंटकी, टेनेसी आदी राज्यांत राखी खार आणि तिच्याहून थोराड अशी तांबूस फॉक्स खार यांची शिकार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज आहे, आणि वनस्पतींच्या ज्ञानाचा खरा कस लावणारा तिचा प्रकार म्हणजे उन्हाळ्याच्या आरंभी फळांनी लगडलेल्या तुतीभोवतीची शिकार होय, असे मला वाटते.

शरदात ओक आणि हिकरी यांची कवचफळे खारी जमिनीत पुरून ठेवतात. वसंत सरता सरता ती बेगमी संपत येते, उरल्यासुरल्या बियांना कोंब फुटतात, आणि नवी फळे तर अद्याप अपक्वच असतात. नेमक्या या टंचाईत, मेच्या उत्तरार्धाच्या सुमारास, रानाच्या कडेची तांबडी तुती पिकू लागते. तिची सर्व फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे खारींची ये-जा पुष्कळ दिवस चालू राहते. नर आणि मादी झाडे बहुधा निरनिराळी असल्याने प्रत्येक तुती फळतेच असे नाही. जाणता शिकारी फळणारी झाडे आधीच हेरून ठेवतो.

पहाटे तो दुसऱ्या एखाद्या खोडाला पाठ टेकून निश्चल बसतो. पालवी दाट असल्याने दृष्टीपेक्षा कानांवरच भिस्त ठेवावी लागते: फांदीची सळसळ, गळणाऱ्या फळांचा टपटप आवाज. अशा पालवीत छर्‍यांची बंदूक सोयीची. बारीक गोळीची रायफल वापरायची तर खारीमागे जाड खोड वा मातीचा चढ असल्याची खात्री हवी, कारण आकाशाकडे सुटलेली गोळी दूरवर कोणाचाही प्राण घेऊ शकते.

शिकारीच्या मुदतीमागेही विचार आहे. हिवाळ्याच्या अखेरीस जन्मलेली पिले या सुमारास स्वतंत्र झालेली असतात आणि दुसरी वीण साधारणतः जुलै-ऑगस्टात होते. केंटकीत वसंतातील हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारी उघडून जूनच्या तिसऱ्या शुक्रवारी बंद होतो. मिसूरीत मात्र हंगाम मेच्या चौथ्या शनिवारपासून १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि परवानाधारकास दिवसाला दहा खारींची मर्यादा असते. ज्या देशात १८०७ साली ओहायोच्या विधिमंडळाने मक्याचा नाश करणाऱ्या खारींच्या टाळूची कातडी कराबरोबर हजर करण्याचा कायदा केला, त्याच देशात पुढे असा संयमाचा बंदोबस्त झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

उन्हाळ्यात मांस लवकर नासते, म्हणून शिकार तत्काळ साफ करून थंड करावी लागते. कोवळ्या खारीचे तुकडे पिठात घोळून तळतात आणि त्याच कढईत रस्सा करतात. जून खार मंद आचेवर बराच वेळ शिजवतात.

आज या प्रदेशात तांबड्या तुतीबरोबर चीनची पांढरी तुतीही सर्वत्र आढळते. आपल्याकडे रेशमाच्या किड्यांसाठी जिचा पाला तोडतात तीच ही. रेशमाच्याच आशेने ती तेथे नेली गेली, उद्योग बुडाला, झाड मात्र पसरले. तिच्याशी होणाऱ्या संकरामुळे मूळची तांबडी तुती क्षीण होत चालली असून कॅनडात ती संकटग्रस्त जातींत गणली जाते. तेव्हा फळणारी जुनी तांबडी तुती ओळखून ती राखणे, हे त्या झाडाखाली बंदूक घेऊन बसणाऱ्यांनीही आपले काम मानले पाहिजे.