मुलांची पहिली गाडी

मे महिना उजाडला की आपल्या मंडळात चहाच्या टेबलापाशी हमखास एक विषय निघतो. लेक किंवा चिरंजीव ऑगस्टमध्ये कॉलेजला निघाले, गाडी कोणती घ्यावी? आईला मोठी हवी असते, मुलाला वेगवान आणि बाबांना स्वस्त.

विद्यार्थी असताना मीही स्वस्तातली घेतली होती. इंजिन ठणठणीत, रंग चकाचक. पहिल्याच बर्फात गाडी गर्रकन फिरून रस्त्याकडेच्या चरात गेली. नशिबाने मला खरचटलंही नाही. टायर अकरा वर्षांचे निघाले! खाचा शाबूत होत्या, पण रबर कडक झालं होतं. गाडी धावो वा उभी राहो, हवेतला ऑक्सिजन रबराला म्हातारं करतोच. केमिस्ट्री शिकणाऱ्या माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा आधी खाली वाका. टायरवर 'डीओटी'पासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला पूर्ण क्रमांक नसेल तर दुसऱ्या बाजूला असतो.

गाडी शक्यतो २०१२ किंवा नंतरच्या मॉडेलची घ्या. तेव्हापासून अमेरिकेत प्रत्येक नव्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल सक्तीचा आहे. गाडी घसरू लागली की तो एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरतो. अगदी चिमुकली गाडी नको, कारण टक्कर झाली की हलक्या गाडीतल्या माणसाला जास्त मार बसतो. दणकट इंजिनाचीही नको. कॅमरी, अकॉर्डसारखी मध्यम गाडी बरी. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स मिळून नवशिक्यांसाठी जुन्या गाड्यांची यादी काढतात, ती जरूर पाहा.

आता एअरबॅग. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगांमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडतं आणि फार जोरात पेटतं. मग धातूचं कवच फुटून त्याचे तुकडे अंगावर येतात. अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगा परत मागवल्या गेल्या. गाडीचा १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन क्रमांक 'नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी'च्या संकेतस्थळावर घातला की दुरुस्ती बाकी आहे का ते कळतं. टाकाटाची ही दुरुस्ती डीलरकडे फुकट होते. घरचीच जुनी गाडी मुलाला देणार असाल तरी हे तपासा.

टायटलवर 'सॅल्व्हेज' लिहिलं असेल तर मोह टाळा. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला गाडी दाखवा. त्याची फी वाचवू नका.

चारशे डॉलर जास्त देऊन चकचकीत गाडी घेण्यापेक्षा साधी गाडी घ्या आणि ते पैसे नव्या टायरांवर घाला. मुलं 'काकांची गाडी' म्हणून नाक मुरडतील. मुरडू द्या. थँक्सगिव्हिंगला ती धडधाकट घरी आली म्हणजे झालं.

गाडी पाहायला सोबत हवी असेल तर पुढच्या कार्यक्रमात मला गाठा. टायरचे आकडे वाचायला मी येईन. चहा तेवढा द्या!