अम्मीचं पोस्टकार्ड आणि ब्रिजटाउनचा पूल

अम्मीच्या लोखंडी पेटीत एका रुमालात निकाहनामा आणि एक रंगीत पोस्टकार्ड बांधून ठेवलेलं असतं. कार्डावर दूरच्या एका बंदराचं चित्र आहे. पाण्यावर छोटा पूल, पलीकडे चौकात एका इंग्रज दर्यावर्दीचा पुतळा आणि मागे घड्याळाचा मनोरा असलेली दगडी इमारत. पाठीमागे अब्बांच्या हातच्या उर्दूत दोन ओळी आहेत. मुलगा झाल्याची तार मिळाली. सगळं खैरियत आहे, पैसे पाठवले आहेत. खाली साल १९७८.

तो मुलगा म्हणजे माझे भाईजान. अब्बा तेव्हा मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचं जेवण रांधणारे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावचे बरेच पुरुष असेच मुंबईहून जहाजावर चढत. अब्बांचं जहाज साखर भरायला कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर गेलं होतं. ते घरी आले तेव्हा भाईजान नऊ महिन्यांचे होते. अम्मीच्या मनात त्या दोन ओळींचा राग होता. “मुलाचं नाव काय ठेवलं, एवढंही विचारलं नाही,” असं ती आम्हांला कितीदा तरी सांगायची.

भाईजान आता न्यू जर्सीला असतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत त्यांनी आम्हां सर्वांना क्रूझवर नेण्याचा बेत केला आणि मुद्दाम ब्रिजटाउनला, म्हणजे बार्बाडोसच्या राजधानीला थांबणारं जहाज निवडलं. अम्मी, भाईजान, भाभी, त्यांची दोन मुलं, मी, माझे पती आणि आमचा मुलगा असे आम्ही आठजण होतो.

जहाजावरचं घर

जहाज पोर्टो रिकोच्या सान हुआन बंदरातून सुटलं. हे बेट अमेरिकेच्या ताब्यातलं. जहाज इतर देशांची बंदरं फिरून पुन्हा तिथेच येत असल्याने आपल्याला अमेरिकेचा एकापेक्षा अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. बाकी प्रत्येक बेटाचे नियम तिकीट काढण्यापूर्वीच तपासून घ्यावेत.

अम्मीची पहिली शंका खाण्याची होती. हलाल गोश्त हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं. जहाजावर चढल्यावर सांगून उपयोग होईलच असं नाही. आम्ही बहुतेक दिवस मासे, डाळ, भाजी आणि फळं यांवरच काढले. मुलांना एक सवय लावली, गोड पदार्थ उचलण्याआधी त्यात रम किंवा वाइन आहे का ते विचारायचं. विचारलं की वाढणारे नीट सांगतात.

दुसरी शंका नमाजची. आपण घरी मगरिबच्या दिशेला तोंड करतो. इथे नकाशा उलटा झाला. मक्का आता पूर्वेला, थोडी उत्तरेकडे. त्यात जहाज वळतं तसा किबलाही सरकतो. माझ्या मुलाने मोबाइलवर दिशा पाहून अम्मीची जानमाज वळवून द्यायचं काम स्वतःकडे घेतलं होतं. फजरला ती खिडकीशी उभी राहायची तेव्हा समोर उजाडणारा समुद्र असायचा.

कार्डावरचा चौक

चौथ्या दिवशी सकाळी जहाज ब्रिजटाउनला लागलं. उतरण्यापूर्वी सूचना झाली की बार्बाडोसमध्ये लष्करी नक्षीचे कपडे सामान्य माणसाला घालता येत नाहीत, तो गुन्हा आहे. पुतण्याची आवडती टोपी खोलीतच राहिली.

धक्क्यावरून गावात जायला समुद्राकाठाने चालत वीसेक मिनिटं लागतात. अम्मीच्या गुडघ्यांमुळे आम्ही टॅक्सी केली. टॅक्सीला मीटर नसतं, भाडं आधी ठरवावं. अमेरिकी डॉलर चालतात. एका डॉलरचे तिथले दोन.

टॅक्सीने आम्हांला केअरनेज नावाच्या खाडीपाशी सोडलं. पूर्वी गलबतं दुरुस्तीसाठी कुशीवर कलती करायची ती ही जागा. अम्मीने पिशवीतून रुमाल काढला, कार्ड हातात धरलं आणि मुलांना म्हणाली, “शोधा, काय काय बदललं ते.”

मुलांना खेळच मिळाला. घड्याळाचा मनोरा जागेवर होता. ती संसदेची इमारत. बार्बाडोसची विधानसभा १६३९ पासून भरते. चेंबरलेन पूल त्याच जागी आहे, पण आजचा पूल नवा. त्याच्या टोकाची स्वातंत्र्याची कमान कार्डावर नाही. ती १९८७ मध्ये उभी राहिली. आणि पुतळा? तो कुठेच दिसेना. तो इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनचा होता. १८१३ पासून तिथे उभा असलेला हा पुतळा १६ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने काढून नेला. वर्षभराने, ३० नोव्हेंबर २०२१ ला, बार्बाडोसने इंग्लंडच्या राणीचं प्रमुखपद संपवलं आणि देश प्रजासत्ताक झाला. चौकाचं ट्राफल्गार स्क्वेअर हे नाव त्याआधीच, १९९९ मध्ये, बदलून नॅशनल हीरोज स्क्वेअर झालं होतं.

“पुतळा का काढला?” पुतणीने विचारलं. वर्गात शिकवायची सवय असल्याने मी सांगू लागले. या बेटावर १६४० च्या दशकात इंग्रजांनी उसाचे मळे लावले. मळ्यांवर राबायला आफ्रिकेतून माणसं पकडून, साखळ्या घालून, जहाजांत कोंबून आणली. १६६१ मध्ये कायदाच केला की हे गुलाम म्हणजे मालकाची मालमत्ता. १८१६ मध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली मोठं बंड झालं. ते चिरडलं गेलं. कायद्याने गुलामी १८३४ मध्ये संपली, पण खरी सुटका व्हायला १८३८ उजाडलं. नेल्सन त्या मळेवाल्यांच्या बाजूचा मानला जातो. आज बुसाचं नाव तिथल्या राष्ट्रीय वीरांमध्ये घेतलं जातं.

अम्मी कठड्याला टेकून ऐकत होती. “म्हणजे तुझे अब्बा भरून न्यायचे ती साखर हीच,” एवढंच ती म्हणाली.

दुपारी भाईजान, माझे पती आणि मुलगे जोहरसाठी केन्सिंग्टन न्यू रोडवरच्या जुमा मशिदीत गेले. बार्बाडोसमध्ये मुसलमान थोडे आहेत, त्यांतले बरेच मूळ गुजरातचे, सुरतेकडचे. त्यांचे आजोबा-पणजोबा गेल्या शतकात इथे आले आणि दारोदार फिरून हप्त्याने कापड विकू लागले. मशिदीत एका वृद्धाशी उर्दूत बोलणं झालं. “बंबईवाले?” असं विचारून त्यांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवल्याचं भाईजानांनी सांगितलं. आम्ही बायका तोवर सावलीत बसून तळलेले उडणारे मासे आणि कू-कू खात होतो. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला घट्ट गोळा. भाभीला तो आवडला नाही. अम्मीने मात्र संपवला. घास घोटायला सोपा, असं तिचं मत पडलं.

मशिदीजवळच केन्सिंग्टन ओव्हल मैदान आहे. २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक इथेच जिंकला. दक्षिण आफ्रिकेवर सात धावांनी. मुलांनी फाटकाबाहेर गॅरी सोबर्स यांच्या पुतळ्यापाशी उभं राहून सूर्यकुमारचा तो झेल किमान दहा वेळा घेऊन दाखवला.

परतताना धक्क्याच्या इमारतीत एक दृश्य दिसलं. भिंतीला टेकून, जमिनीवर, पायऱ्यांवर आमच्याच जहाजाचे कामगार बसले होते. प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बंदरात इंटरनेट मिळतं म्हणून तास-दोन तासांच्या सुट्टीत ते घरी बोलायला उतरतात. वेगवेगळ्या भाषा कानांवर पडत होत्या. त्यात एक मराठीही होती. अम्मी थबकली. आमच्या टेबलावर रोज वाढणारा मुलगा आईला सांगत होता, “जेवलो गं, जेवलो.”

सफेद रात्र

त्या रात्री जहाजावर ‘व्हाइट नाइट’ होती. सर्वांनी पांढरे कपडे घालून उघड्या डेकवर जमायचं. भाभीने महिनाभर आधी खरेदी केली होती. अम्मीला काहीच करावं लागलं नाही. अब्बा गेल्यापासून ती पांढरीच ओढणी घेते. लिफ्टमध्ये एका परदेशी बाईने तिला पोशाख सुंदर असल्याचं सांगितलं, तेव्हा ती लाजून माझ्यामागे झाली.

डेकवर दिव्यांच्या माळा होत्या आणि स्टील पॅन वाजत होतं. तेलाच्या पिंपाचा पत्रा ठोकून केलेलं हे वाद्य शेजारच्या त्रिनिदाद बेटाचं. तिथल्या गोरगरीब वस्त्यांत ते जन्मलं. आवाज मात्र पाण्यावरच्या घुंगरांसारखा. दारूचे पेले फिरत होते तिकडे आम्ही गेलो नाही. जहाज एवढं मोठं असतं की आपली मर्यादा सांभाळून बसायला जागा मिळते. कठड्याजवळच्या टेबलावर आम्ही लिंबाचं सरबत घेऊन बसलो.

सरबत आणणारा तोच मुलगा होता. अम्मीने विचारलं, “गाव कुठलं रे बाळा?”

“दापोलीजवळचं, आजी.”

अम्मीने त्याला बसायला सांगितलं. बसायची परवानगी नसते म्हणून तो ट्रे घेऊन उभाच राहिला. आठ महिन्यांचा करार, सुट्टीचा पूर्ण दिवस नाही, रोज दहा-अकरा तास काम. बहिणीचं लग्न त्याने मोबाइलवर पाहिलं, तेही अर्धं, कारण जहाज निघालं आणि आवाज तुटला.

“मग घरी काय सांगतोस?”

“सगळं ठीक आहे म्हणतो. आणि पैसे पाठवले ते सांगतो. दुसरं काय सांगणार, आजी? इथलं सांगितलं तर आई झोपणार नाही.”

त्याला पलीकडून कुणी हाक मारली आणि तो गेला. अम्मी बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग भाईजानांना म्हणाली, “तुझ्या अब्बांनीही हेच लिहिलं होतं. मला वाटायचं, जग बघत फिरतोय, आमची याद कुठून येणार!” भाईजानांनी तिचा हात हातात घेतला. अम्मीने मरहूम अब्बांसाठी दुआ केली आणि त्याच दमात त्या दापोलीच्या मुलासाठीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर पाहते तर अम्मीने आमच्या आठही जणांच्या बश्या एकात एक रचून, चमचे वेगळे करून ठेवलेले. मुलगा धावत आला. “आजी, असं केलंत तर माझी नोकरी जाईल,” तो हसत म्हणाला.

“काही जात नाही,” अम्मी म्हणाली, “माझ्या घरातही भंडारी होता.”