बेल्ट की चेक?

आमच्या होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये बॉक्सिंग लागलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "हे सगळं पैशासाठी चाललंय गं, नाहीतर कोण स्वतःचं नाक फोडून घेईल?" दुसरी म्हणते, "छे, वर्ल्ड चॅम्पियन म्हणवून घेण्याची मजा तुला काय कळणार!" वाद संपत नाही, पण मेसची वेळ संपते. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत याला 'मनी व्हर्सेस ग्लोरी' म्हणतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'ग्लोरी' मला पहिल्यांदा भेटली ती सकाळच्या प्रार्थनेत. मराठीत काय म्हणायचं? कीर्ती? नावलौकिक? मान? मला 'नाव' हाच शब्द बरा वाटतो. "नाव काढलंस हो पोरी" यातलं नाव.

आता पैसा. प्रोफेशनल बॉक्सरला महिन्याचा पगार नसतो. प्रत्येक लढतीचं मानधन ठरतं, त्याला 'पर्स' म्हणतात. पेपरात पर्सचा आकडा वाचून आपले डोळे पांढरे होतात, पण तो आकडा म्हणजे आपल्या प्लेसमेंटच्या पॅकेजसारखा. सीटीसी वेगळा, हातात येणारं वेगळं! ट्रेनरला साधारण १० टक्के द्यायची प्रथा आहे. मॅनेजरचा वाटा अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो. बेल्टची लढत असेल तर बेल्ट देणारी संघटना आपली फी कापते. सरावाचा खर्च, सोबत सराव करणाऱ्यांचे पैसे, डॉक्टर, आणि सगळ्यात शेवटी इन्कम टॅक्स. म्हणजे नवशिक्या बॉक्सरच्या हातात जे पडतं त्यावर घर चालवणं कठीण. पुष्कळजण दिवसा दुसरी नोकरी करतात. खरा पैसा वरच्या मूठभरांनाच. आणि वर जायचा जिना कोणता? बेल्ट! इथेच आपल्या दोन्ही पार्ट्यांची पंचाईत होते, कारण नावाशिवाय पैसा नाही.

हे गणित सगळ्यात थंड डोक्याने सोडवलं ते फ्लॉइड मेवेदरने. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये त्याला ब्राँझ मिळालं. सुरुवातीला त्याचं टोपणनाव होतं 'प्रिटी बॉय'. २००६ मध्ये त्याने साडेसात लाख डॉलर मोजून आपल्या प्रमोटरच्या करारातून स्वतःला सोडवून घेतलं. लोकांना तेव्हा तो वेडेपणा वाटला असेल, पण प्रमोटरकडे जाणारा हिस्सा त्यानंतर घरात राहायला लागला. पुढे त्याने टोपणनावच बदललं. नवं नाव होतं 'मनी'. लपवाछपवी नाही! २ मे २०१५ ला लास वेगासमध्ये तो मॅनी पॅकियाओशी लढला तेव्हा अमेरिकेत ४६ लाख घरांनी ती लढत पैसे भरून बघितली. एका घराला ९० ते १०० डॉलर. गुणाकार करून बघा, ४० कोटी डॉलरच्या वर जातो. तीन मिनिटांचा एक असे बारा राउंड, म्हणजे छत्तीस मिनिटं. मिनिटाला एक कोटी डॉलरहून जास्त! लढत मात्र अगदीच बेचव झाली असं बहुतेकांचं मत पडलं. त्याचं बॉक्सिंग म्हणजे मार चुकवण्याचं शास्त्र. शेवटी त्याने ५० पैकी ५० लढती जिंकून खातं बंद केलं. आता गंमत बघा, ज्याचं नावच 'मनी', त्याला हा ५०-० चा आकडा का हवा होता? रॉकी मार्सियानोचा ४९-० चा विक्रम मोडायला. बँकेत त्याचं वेगळं व्याज मिळत नाही.

आता जो लुईची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त लागली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जो लुई १९३७ मध्ये हेवीवेट चॅम्पियन झाला आणि पुढे सलग २५ वेळा त्याने बेल्ट राखला. १९३८ मध्ये त्याने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच राउंडमध्ये आडवं केलं. हिटलरचा काळ होता, त्यामुळे ज्या अमेरिकेत काळ्या माणसाला कित्येक हॉटेलात प्रवेश नव्हता तीच अमेरिका त्याला डोक्यावर घेऊन नाचली. नाव म्हणाल तर याहून मोठं काय असणार? १९४२ मध्ये, देश युद्धात उतरल्यावर, त्याने दोन लढतींची आपली पर्स नौदल आणि सैन्याच्या मदतनिधीला देऊन टाकली आणि स्वतः सैन्यात भरती झाला. म्हणजे बेल्ट धोक्यात घालून फुकट लढला! युद्ध संपल्यावर टॅक्सवाल्यांनी हिशेब मांडला. दान केलेली पर्ससुद्धा त्यांनी त्याचं उत्पन्न धरली. थकबाकीवर व्याज चढत गेलं आणि आकडा पाच लाख डॉलरच्या वर गेला. १९४९ मध्ये निवृत्त झालेला लुई १९५० मध्ये परत रिंगमध्ये उतरला तो त्यासाठी. पण त्या काळी अमेरिकेत वरच्या उत्पन्नावर करच ९० टक्क्यांच्या आसपास होता. म्हणजे जुना कर फेडायला लढायचं, तर त्या कमाईवर नवा कर! आपल्या मॅथ्सच्या भाषेत सांगायचं तर हे समीकरण कधी कन्व्हर्ज होणारच नव्हतं.

२६ ऑक्टोबर १९५१ ला सदतीस वर्षांच्या लुईला तरुण मार्सियानोने आठव्या राउंडमध्ये दोरांच्या बाहेर पाडलं. लुई हा मार्सियानोचा लहानपणापासूनचा हिरो. जिंकलेला माणूस नंतर ड्रेसिंग रूममध्ये रडला. लुईने पुढे पैशासाठी कुस्तीचे शोही केले आणि शेवटची वर्षं लास वेगासच्या सीझर्स पॅलेस या कॅसिनोत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करण्याच्या नोकरीत काढली. नाव होतं म्हणूनच ती नोकरी मिळाली, असंही म्हणता येईल. पण मला ते वाचून बरं वाटलं नाही.

मुहम्मद अलीचं प्रकरण उलट दिशेने सुरू होतं. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला त्याने नकार दिला. बेल्ट गेला, लायसन्स गेलं, ऐन तारुण्यातली साडेतीन वर्षं गेली. पैसा आणि चॅम्पियनपद दोन्हीवर पाणी सोडलं. पण नाव? ते उलट वाढलं. परत आल्यावर १९७१ मध्ये जो फ्रेझरशी झालेल्या लढतीत दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले आणि १९७४ मध्ये झाईरमध्ये जॉर्ज फोरमनशी लढताना प्रत्येकी ५० लाख. इथपर्यंत सगळं छान. पण २ ऑक्टोबर १९८० ला, अडतीस वर्षांचा असताना, तो लॅरी होम्सशी लढला. होम्स एके काळी त्याच्याबरोबर सराव करणारा पोरगा. दहा राउंड अलीने नुसता मार खाल्ला, मग त्याच्या कोपऱ्यातून लढत थांबवली गेली. ठरले होते ८० लाख डॉलर; प्रमोटर डॉन किंगने त्यातले दहा लाखांहून जास्त कमी दिले. अलीने खटला भरला आणि शेवटी ५० हजार डॉलर रोख घेऊन तो मिटवला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. तो ही लढत पैशासाठी लढला की चौथ्यांदा चॅम्पियन व्हायला? मला वाटतं, दोन्ही. आणि दोन्ही मिळालं नाही. प्रमोटर आणि मॅनेजर यांचे हितसंबंध वेगळे ठेवण्यासाठी अमेरिकेत २००० मध्ये जो कायदा झाला त्याला अलीचंच नाव आहे, हे योग्यच झालं.

नुसत्या नावासाठी लढणारा कोणी आहे की नाही? आहे, क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन. १९७२, १९७६, १९८० अशी तीन ऑलिम्पिक गोल्ड. अलीशी लढण्यासाठी लाखो डॉलरच्या ऑफर आल्या, त्याने नाकारल्या. अर्थात क्यूबात प्रोफेशनल खेळांवर बंदी होती, म्हणजे हो म्हणायचं तर देश सोडायला लागला असता. त्यामुळे त्याच्या नकारात किती मन होतं आणि किती परिस्थिती, हे त्यालाच ठाऊक. क्यूबाने ती बंदी २०२२ मध्ये उठवली. स्टीव्हनसन २०१२ मध्येच गेला होता.

आपल्याकडे विजेंदर सिंगचं उदाहरण आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ, मग २०१५ मध्ये प्रोफेशनल. तेव्हा "देश सोडून पैशामागे गेला" अशी टीका झाली. मला ती पटत नाही. आपण कॅम्पसमध्ये चांगली ऑफर घेतली की पेढे वाटतात, आणि डोक्यावर ठोसे खाणाऱ्याने घेतली की देशद्रोह? २०१७ मध्ये तो मुंबईत वरळीला लढला आणि जिंकला. पहिली हार झाली ती २०२१ मध्ये, पणजीत, कॅसिनोच्या बोटीवर.

ठोशांवरून आठवलं. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू चौदा राउंड लढून पडला आणि काही दिवसांतच वारला. त्यानंतर चॅम्पियनशिपच्या लढती पंधराऐवजी बारा राउंडच्या झाल्या. पैसा की नाव, या वादात हा खर्चाचा रकाना आपण विसरतो.

मार्व्हिन हॅगलर म्हणे सांगायचा, की रेशमी कपड्यांत झोपायला लागलं की पहाटे पाचला धावायला उठवत नाही. म्हणजे पैसा आला की भूक मेली पाहिजे. मग पॅकियाओचं काय? फिलिपिन्समधला अतिशय गरीब पोरगा, आठ वेगवेगळ्या वजनगटांत चॅम्पियन झाला, सिनेटर झाला, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढला. आणि जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, आपल्याहून सोळा-सतरा वर्षांनी लहान मारिओ बॅरिओससमोर परत रिंगमध्ये! लढत बरोबरीत सुटली. बेल्ट बॅरिओसकडेच राहिला, आणि पॅकियाओ लगेच पुढच्या लढतीबद्दल बोलायला लागला.